जुन्या व्ही-ड्राइव्ह बोटीमागे सर्फ करण्याजोगी लाट कशी काढायची: सॅक, शेपर, प्रॉप आणि बाकीचं सामान

अमेरिकेत तळ्यांच्या भागात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी आता बऱ्याच जणांकडे दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतलेली जुनी बोट असते, २००० ते २०१० मधली व्ही-ड्राइव्ह (इंजिन अगदी मागे असलेली), आणि पहिला उन्हाळा संपायच्या आत प्रश्न येतोच की शेजारच्या नव्या बोटीमागे कंबरेएवढी लाट उठते, दोर सोडून पोरं आरामात सर्फ करतात, आणि आपल्या बोटीमागे नुसता फेस, तर काय लावायचं? वेकसर्फ, म्हणजे बोटीच्या लाटेवर दोराशिवाय सर्फ, करायची नवी बोट एक लाख डॉलरच्या वर जाते त्यामुळे तो विचार बहुतेकांनी सोडूनच दिलेला असतो. जुन्या बोटीमागेही खरंच चांगली लाट निघते, फक्त सामान योग्य क्रमाने घ्यावं लागतं. लोक आधी सक्शन कपवालं शेपर, म्हणजे बोटीच्या बाजूला चिकटवायची फळी, ऑर्डर करतात, ते लावून बघतात, काहीच फरक पडत नाही आणि मग म्हणतात वस्तू फालतू आहे. वस्तू फालतू नसते हो, बोट हलकी असते. लाटेचं पाणी वजनाने उचललं जातं, शेपर त्याला फक्त आकार देतो, जे उचललंच नाही त्याला आकार कुठून येणार?

सगळ्यात आधी प्रोपेलर बघा

पैसे खर्च करायच्या आधी बोटीच्या मागे जाऊन बघा प्रोपेलर कुठे आहे. इनबोर्ड बोटीत तो बोटीच्या बुडाखाली असतो, ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीच्या, बराच पुढे. आउटबोर्ड (अख्खं इंजिन मागे बाहेर टांगलेलं) आणि स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, ड्राइव्ह बाहेर) बोटीत तो भिंतीच्या मागे उघडा फिरत असतो, आणि वेकसर्फर बोटीपासून जेमतेम १०-१५ फुटांवर असतो, पडला की बोटीच्या दिशेने सुद्धा ओढला जाऊ शकतो. त्यामुळे आउटबोर्ड किंवा साध्या स्टर्नड्राइव्हमागे वेकसर्फिंग करायचं नाही, कोणीही कितीही सांगितलं तरी नाही. अपवाद एकच, प्रोपेलर पुढच्या बाजूला तोंड करून बोटीखाली बसवलेले ड्राइव्ह, व्होल्वो पेंटाने २०१५ साली फॉरवर्ड ड्राइव्ह आणला तो त्यातला. तारकर्ली-मालवणला किंवा गोव्यात बंपर राइडला ज्या स्पीडबोटी दिसतात त्या आउटबोर्डच्या असतात, तेव्हा सुट्टीत तिकडे गेल्यावर तिथल्या बोटवाल्याला सर्फबोर्ड दाखवून आग्रह करू नका. अशा बोटीमागे लांब दोर धरून बोर्डवर ओढलं जाणं, म्हणजे वेकबोर्ड करणं, वेगळं, ते चालतं.

इनबोर्डमध्येही दोन प्रकार. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या मधोमध असतं, या बोटी मुळात पाण्यावर वळणं घेत करायच्या स्लालम स्कीसाठी बनवलेल्या, म्हणजे लाट जितकी छोटी तितकी चांगली अशा हिशोबाने, त्यांच्यामागे सर्फची लाट काढायला बरंच झगडावं लागतं. व्ही-ड्राइव्हमध्ये इंजिन अगदी मागे असतं, म्हणजे काही शे पाउंड आधीच बरोबर जागी बसलेले असतात. तुमची व्ही-ड्राइव्ह असेल तर निम्मं काम झालेलं आहे.

लाट बनते कशी

बोट १०-११ मैल वेगाने चालली की ती धड पाण्यावर चढलेली नसते आणि धड आत तरंगतही नसते, नाक वर, शेपूट खाली. ती आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते आणि पुढे सरकली की तिच्या मागे एक खड्डा उरतो. त्या खड्ड्यात डावीकडून आणि उजवीकडून पाणी धावत येतं, मध्ये आपटतं, आणि तिथेच सगळा फेस होतो. दोन्ही बाजूंचं पाणी एकाच वेळी पोचलं तर दोन्ही लाटा एकमेकींना मोडतात. एका बाजूचं पाणी थोडं उशिरा पोचवलं तर दुसऱ्या बाजूची लाट स्वच्छ, गुळगुळीत आणि लांब उभी राहते. सर्फ सिस्टीम नावाच्या सगळ्या प्रकारामागे एवढीच युक्ती आहे.

पूर्वी हे काम बोट तिरकी करून व्हायचं. सर्फ करायच्या बाजूला सगळं वजन, सगळी माणसं त्याच बाजूला कोंबलेली, बोट एका अंगावर कलंडलेली आणि चालवणाऱ्याला पुढचं नीट दिसत नाही. मग २०१२ मध्ये मॅलिबू या बोट कंपनीने सर्फ गेट आणलं, ट्रान्समच्या दोन कोपऱ्यांना दोन फळ्या, त्यातली एक बाहेर उघडली की त्या बाजूचं पाणी लांब फेकलं जातं आणि दुसऱ्या बाजूला लाट येते, बोट मात्र सरळ. त्याच्या पुढच्या वर्षी नॉटिकने स्वतःची सिस्टीम काढली आणि मग सगळ्यांनीच काढली. बाजारात मिळणारे सक्शन कपचे शेपर म्हणजे याच कल्पनेचा सुटा, विजेची वायर नसलेला अवतार.

वजन किती आणि कुठे

इथे घाई करू नका. अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान बोटींना कोस्ट गार्डच्या नियमाप्रमाणे कपॅसिटी प्लेट असते, त्यावर माणसं किती, एकूण वजन किती ते लिहिलेलं असतं. त्याहून मोठ्या बोटीला ती प्लेट सक्तीची नाही, तेव्हा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघा, जुन्या बोटींची मॅन्युअल बहुतेक ऑनलाइन सापडतात. त्या आकड्यात माणसं, कूलर, बोर्ड आणि बॅलास्ट, म्हणजे मुद्दाम भरलेलं वजन, सगळं येतं. समजा मर्यादा २४०० पाउंड आहे आणि तुम्ही सहा जण मिळून १००० पाउंड भरता, तर बॅलास्टला उरले १४००. तेवढेच भरायचे. इंटरनेटवर कोणीतरी तसल्याच बोटीत ३००० घातलेत म्हणून आपण घालायचे नाहीत, बोट थांबवताना मागची लाट येऊन ट्रान्समवर चढते किंवा पुढचं नाक स्वतःच्याच लाटेत घुसतं आणि काही सेकंदांत पाणी आत येतं, आणि त्यावेळी बोटीत मुलं असतात.

त्या १४०० ची वाटणी सुरुवातीला अशी करा: मागच्या दोन लॉकरमध्ये ५००-५००, पुढे बसायच्या जागेखाली ४००. मागे वजन वाढवलं की लाट उंच आणि उभी होते पण आखूड होते, पुढे वाढवलं की लाट लांबते, उंची थोडी उतरते, पण दोराशिवाय टिकून राहायला जागा मिळते. शिकाऊ माणसाला लांब लाटच बरी. बऱ्याच जणांना पुढे वजन टाकणं म्हणजे उंची वाया घालवणं वाटतं, माझं मत उलटं आहे, जुन्या बोटीत पुढचं वजनच लाट सर्फ करण्यालायक बनवतं.

पाणी भरायच्या पिशव्यांना सगळे फॅट सॅक म्हणतात, फ्लाय हाय ही त्यातली जुनी कंपनी. पाण्याचा हिशोब सोपा आहे, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि एक अमेरिकन गॅलन म्हणजे ८.३४ पाउंड. म्हणजे ५०० पाउंडची सॅक साधारण ६० गॅलन पाणी घेते. पंपावर १२०० गॅलन प्रति तास लिहिलेलं असेल तर कागदावर तीन मिनिटांत भरायला हवी, पण पाणी वर चढवायचं, पाइप वळलेला, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. सॅक निवडताना लॉकरची लांबी-रुंदी-उंची मोजून घ्या, फुगल्यावर ती इंजिनाच्या बाजूच्या पाइपांवर किंवा वायरिंगवर दाबत नाही ना ते बघा, हे मोजमाप न करता घेतलेल्या सॅक हमखास परत पाठवाव्या लागतात.

सॅक एक तर पूर्ण भरा, हवा काढून घट्ट, नाहीतर पूर्ण रिकामी ठेवा. अर्धी भरलेली सॅक सगळ्यात वाईट, वळताना पाणी एका बाजूला धावतं आणि बोटीला आणखी कलंडवतं. कमी वजन हवं असेल तर लहान सॅक घ्या.

शिशाच्या पिशव्या पण मिळतात, बहुतेक ५० पाउंडच्या. फायदा असा की जागा अगदी कमी लागते आणि हव्या त्या कोपऱ्यात बसतात. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. बोटीत पाणी शिरलं तर पाण्याची सॅक बोटीला खाली ओढत नाही, कारण पाण्यात पाण्याचं वजन उरत नाही, शिसं मात्र ओढतं. म्हणून शिसं थोडंच, लाट जुळवून घेण्यापुरतं, चार-सहा पिशव्या, आणि ट्रेलरवर बोट चढवायच्या आधी त्या उतरवायच्या कारण ट्रेलरची आणि टायरची पण मर्यादा असते.

आणि माणसं हे पण बॅलास्टच आहे. चार मोठी माणसं एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला फोटो काढायला गेली की लाट बदलते, सर्फर मागे ओरडतो. एकदा जागा ठरल्या की बसून राहायचं. बोट थांबताना पुढच्या भागात गर्दी नको, ही एक सवय सगळ्या पाहुण्यांना निघण्याआधीच सांगून टाका.

पंप आणि पाइप

पहिल्या उन्हाळ्याला कायमची प्लंबिंग करूच नका. बाजूने पाण्यात सोडायचा पोर्टेबल पंप घ्या, १२ व्होल्टच्या सॉकेटला लावा, भरा, रिकामं करा, कुठल्या जागी किती वजन आपल्या बोटीला मानवतं ते कळू द्या. हे नीट कळल्यावरच बोटीला भोक पाडायचा विचार.

कायमचं बसवताना पाण्याखालचं थ्रू-हल फिटिंग (बोटीच्या भोकात बसणारं पाणी घ्यायचं तोंड) कांस्याचं घ्या, प्लास्टिकचं नको, आणि त्याला लगेच लागून बंद करता येईल असा बॉल व्हॉल्व्ह बसवा, काम नसेल तेव्हा तो बंद. पाइप एकदा पाण्याच्या पातळीच्या वर चढवून मग खाली आणा आणि त्या वळणावर हवा घेणारा व्हॉल्व्ह टाका, नाहीतर पंप बंद केल्यावरही पाणी आपोआप आत येत राहतं. पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात जे काही विजेचं लावाल, पंप, स्विच, रिले, ते सगळं इग्निशन प्रोटेक्टेड असं लिहिलेलंच पाहिजे, कारण तिथे पेट्रोलची वाफ साठते आणि एक ठिणगी पुरते. गाडीचे स्वस्त पार्ट इथे चालत नाहीत. प्रत्येक पंपाला स्वतःचा फ्यूज. आणि एवढं पाणी मुद्दाम बोटीत घेणार आहात तर बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, चालतो का ते दर वेळी तपासा.

आता शेपर

वजन बसलं की शेपर घ्या, आणि आता फरक दिसतो की नाही बघा. मिशन कंपनीचा डेल्टा बराच प्रसिद्ध आहे, रॉनिक्सचे आहेत, आणि घरी प्लायवूड किंवा जाड प्लास्टिकची फळी आणि काच उचलायचे व्हॅक्यूम कप वापरून बनवणारे पण पुष्कळ आहेत. घरी बनवलेला चालतो, फक्त कडा गोल करा आणि तरंगेल असा बनवा.

तो लावायचा सर्फच्या विरुद्ध बाजूला. डावा पाय पुढे ठेवणारा रेग्युलर सर्फर डाव्या बाजूच्या लाटेवर जातो, तेव्हा शेपर उजवीकडे, उजवा पाय पुढे ठेवणारा गूफी असेल तर त्याच्या उलट. जागा म्हणजे बोटीच्या बाजूला, ट्रान्समच्या कोपऱ्याच्या जरा पुढे आणि वजन भरल्यावर पाण्याखाली येईल अशा उंचीवर. म्हणजे आधी वजन भरा, पाण्याची रेषा कुठे येते ते बघा, मग शेपर लावा. लावायची जागा गुळगुळीत जेलकोटची (बोटीच्या बाहेरच्या चकचकीत थराची) पाहिजे, स्टिकर, रिव्हेट, खाच यांच्यावर कप धरत नाही. जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्या, मेणाचा किंवा सनस्क्रीनचा थर असला तर कप पाच मिनिटांत सुटतो. कपाची कड ओली करा, पूर्ण दाबा, पंपवाला असेल तर खूण दिसेनाशी होईपर्यंत पंप करा, थोड्या वेळाने परत बघा. आणि त्याची दोरी बोटीच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) किंवा ट्रान्समच्या कडीला बांधा, ही दोरी न बांधल्यामुळे कितीतरी शेपर तळ्याच्या तळाशी आहेत. दोरी इतकी आखूड ठेवा की शेपर सुटला तरी प्रोपेलरपर्यंत पोचणार नाही. हे सगळं करताना इंजिन बंद, चावी काढून खिशात.

खोल लावलात तर परिणाम जास्त, पण बोट जड होते आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. वर लावलात तर परिणाम कमी. एकदा दोन इंच वर, एकदा दोन इंच खाली करून बघा. सर्फ संपल्यावर शेपर काढूनच वेग घ्या, कंपनीने जास्तीत जास्त वेग लिहिलेला असतो, त्याच्या वर तो सुटून उडतो. प्रोपेलर एकाच दिशेने फिरत असल्यामुळे बहुतेक जुन्या बोटींची एक बाजू दुसरीपेक्षा चांगली निघते, त्यात तुमची काही चूक नसते, कमजोर बाजूला पन्नास-शंभर पाउंड शिसं सरकवून बरंच जुळतं.

वेग, प्रॉप आणि बाकीचं

सर्फला १० ते १२ मैल. कमी वेगाला लाट उभी आणि आखूड, वेग वाढवला की लांब आणि स्वच्छ, एका बिंदूनंतर उतरायला लागते. अर्ध्या मैलाचा फरक सुद्धा सर्फरला लगेच कळतो, आणि हाताने थ्रॉटल धरून एवढा वेग कायम ठेवणं कठीण. म्हणून माझ्या मते वजन आणि शेपरनंतरचा पैसा जीपीएसवर चालणाऱ्या स्पीड कंट्रोलवर घाला, जुन्या बोटींना बसणारा परफेक्टपास कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातून येतो आणि बऱ्याच जुन्या इंजिनांसाठी त्याचे किट मिळतात.

वजनामुळे इंजिनावर ताण येतो. पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती आरपीएमला पोचतं ते वजनासकट बघा, कंपनीने दिलेल्या रेंजच्या खाली राहत असेल तर कमी पिचचा (एका फेरीत कमी पुढे सरकणारा) प्रॉप पाहिजे, एक इंच पिच कमी केलं की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. प्रॉप बनवणाऱ्या एक्मे कंपनीला बोटीचं मॉडेल, इंजिन, ट्रान्समिशनचा रेशो आणि किती वजन भरता ते सांगितलं की ते नंबर सुचवतात. जुना प्रॉप फेकू नका, स्पेअर म्हणून बोटीत ठेवा.

ट्रिम टॅब, म्हणजे ट्रान्समच्या खालच्या कडेला बसणाऱ्या फळ्या, मागे पाणी दाबून शेपूट उचलतात आणि नाक खाली आणतात, मागे जास्त वजन असलेल्या बोटीला वेग घ्यायला आणि चालवणाऱ्याला पुढचं दिसायला मदत होते. फॉइल किंवा वेज (मागे पाण्यात उतरवायचं पातं) याच्या उलट, शेपूट खाली ओढतो, म्हणजे पाणी न भरता वजन. जुन्या मॅलिबूला वेज असेल तर तो आधी वापरून बघा, मग सॅकचा आकार ठरवा.

वेकबोर्डसाठी याच सामानाची मांडणी वेगळी. शेपर काढायचा, डावं-उजवं वजन अगदी समान, वेग २० ते २३ मैल, दोर लांब. मागे वजन जास्त तर लाटेचा ओठ उभा होतो आणि उडी वर जाते, पुढे वजन दिलं की लांब उतार मिळतो, नवीन माणसाला तोच द्या.

धूर

कार्बन मोनॉक्साइडचा रंग दिसत नाही, वास येत नाही. सर्फर हळू चालणाऱ्या जड बोटीच्या अगदी मागे असतो, एक्झॉस्ट तिथेच निघतो, आणि त्या वेगाला बोटीमागची हवा परत बोटीकडेच ओढली जाते. इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या फळीवर, म्हणजे स्विम प्लॅटफॉर्मवर, कोणीही बसायचं नाही, लोंबकळायचं नाही. मुलांना डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप येतेय असं झालं तर ते ऊन लागलं असेल म्हणून सोडू नका, बोट थांबवा, इंजिन बंद करा, मोकळ्या हवेत न्या. कॉकपिटमध्ये बोटीसाठीचा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर लावा. एक्झॉस्टचा पाइप खाली वळवून धूर प्रोपेलरच्या झोतात सोडणारं फ्रेश एअर एक्झॉस्ट नावाचं किट मिळतं, त्याने धूर आणि आवाज दोन्ही कमी होतात. ही वस्तू लाट वाढवत नाही, पण सर्फरच्या फुप्फुसांसाठी मी ती शेपरच्या आधी घ्यायला सांगेन.

कुठे करायचं

लाट मोठी झाली की काठावरच्या लोकांचे डॉक, किनाऱ्याची माती, तळातली झाडं यांना त्रास होतो, हे नुसतं भांडणापुरतं नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ च्या अहवालात मोजून दाखवलं की साध्या बोटीची लाट २०० फुटांवर जेवढी शमते तेवढी शमायला वेकसर्फ बोटीला ५०० फुटांपेक्षा जास्त अंतर लागतं. व्हरमाँटने २०२४ पासून वेकस्पोर्ट्सला काठापासून ५०० फूट, किमान २० फूट खोली आणि अशी सलग ५० एकर जागा असा नियमच केला. तुमच्या राज्यात नियम सैल असले तरी हेच आकडे धरून चालवा, तसंही उथळ पाण्यात लाट मरते, खोल पाण्यात ती मोठी निघते. एकाच घरासमोर सारख्या फेऱ्या नकोत, गाण्याचा आवाज कमी.

आणि शेवटचं काम धक्क्यावर. बॅलास्टच्या सॅकमध्ये थोडं पाणी राहतंच, झेब्रा मसल या तळी बिघडवणाऱ्या शिंपल्याची पिल्लं डोळ्याला दिसत नाहीत इतकी बारीक असतात आणि त्या उरलेल्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. मिनेसोटात रस्त्यावर बोट नेताना ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) काढलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे, टेक्सासमध्येही सगळं पाणी काढावं लागतं. पंप उलटा चालवून सॅक रिकाम्या करा, मग लॉकरमधून बाहेर काढून तोंड खाली करून राहिलेलं पाणी झटका, प्लग काढून ठेवा, आणि घरी गॅरेजमध्ये झाकणं उघडी ठेवून सॅक पूर्ण वाळू द्या, दुसऱ्या तळ्यावर जाणार असाल तर आधी गरम पाण्याने धुवून घ्या.